इयत्ता नववीचे ऑनलाइन इंग्रजी अध्यापन (वऱ्हाड)

इयत्ता नववीचे ऑनलाइन इंग्रजी अध्यापन म्हणजे माध्यमिक शिक्षणाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांना इंग्रजी हा विषय मोबाइल, संगणक, दूरचित्रवाणी आणि आंतरजाल यांच्या साहाय्याने, प्रत्यक्ष वर्गाबाहेरून शिकवण्याची पद्धत होय. महाराष्ट्रात ही पद्धत २०२० ते २०२२ या कोविड-१९ महासाथीच्या काळात सर्वदूर वापरली गेली. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने राज्य मंडळाशी संलग्न मराठी माध्यमाच्या शाळांचा, आणि त्यातही वऱ्हाडातील अकोला व अमरावती जिल्ह्यांतील हिवरखेडसारख्या ग्रामीण गावांच्या परिस्थितीचा विचार केला आहे.

२०२०-२१ या शैक्षणिक वर्षात नववीत असलेल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा कालखंड विशेष महत्त्वाचा ठरला. आठवीची वार्षिक परीक्षा टाळेबंदीमुळे झाली नाही आणि नववीची परीक्षाही रद्द झाली. त्यामुळे सलग दोन वर्षे वार्षिक परीक्षा न देता या विद्यार्थ्यांना मार्च २०२२ मध्ये दहावीच्या मंडळ परीक्षेत इंग्रजीचा पेपर लिहावा लागला.

पार्श्वभूमी

नववीचे वर्ष

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ नुसार पहिली ते आठवी हा प्राथमिक शिक्षणाचा टप्पा मानला जातो. नववीपासून माध्यमिक शिक्षण सुरू होते. ग्रामीण भागात अनेक विद्यार्थी जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी किंवा आठवी उत्तीर्ण होऊन खासगी अनुदानित विद्यालयात प्रवेश घेतात. नववीत वर्गमित्र, विषयशिक्षक आणि कित्येकदा गावही बदलते. महासाथीपूर्वीच्या नियमांनुसार आठवीपर्यंत विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवले जात नसे. त्यामुळे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवणारी पहिली परीक्षा बहुतेकांना नववीतच द्यावी लागे.

इंग्रजी विषयाचे स्थान

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी शिकवण्यास प्रारंभ झाला. हा निर्णय तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या कारकिर्दीत घेण्यात आला. त्यापूर्वी इंग्रजीची सुरुवात पाचवीपासून होत असे. म्हणजे महासाथीच्या काळात नववीत असलेल्या विद्यार्थ्यांनी आठ वर्षे इंग्रजी हा विषय शिकलेला होता, तर त्यांच्या अनेक पालकांनी तो पाचवीनंतर शिकलेला किंवा अजिबात शिकलेला नव्हता. घरी अभ्यास करून घेण्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा होता.

मराठी माध्यमात इंग्रजी ही तृतीय भाषा आहे. तिच्यासाठी महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाचे (बालभारती) 'माय इंग्लिश कोर्सबुक' हे पुस्तक वापरले जाते. नववीचे नवे पुस्तक २०१७-१८ पासून लागू झाले. इंग्रजी माध्यमाच्या शाळांसाठी 'इंग्लिश कुमारभारती' हे वेगळे पुस्तक आहे. नव्या अभ्यासक्रमात प्रश्नपत्रिकेऐवजी 'कृतिपत्रिका' ही संकल्पना आली. पाठावरील प्रश्नोत्तरे तोंडपाठ करण्याऐवजी उतारा वाचून कृती सोडवणे, पत्रलेखन, माहितीचे रूपांतर, कथाविस्तार आणि मातृभाषेत अनुवाद अशा कौशल्यांवर भर देण्यात आला.

विषयाचे १०० गुण लेखी परीक्षेचे ८० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० असे विभागलेले आहेत. २०१८-१९ मध्ये भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढून घेण्यात आले होते. मार्च २०१९ च्या दहावीच्या निकालात मोठी घट झाल्यानंतर ते पुढील वर्षापासून पुन्हा लागू करण्यात आले. या २० गुणांमध्ये श्रवण व भाषण कौशल्यांच्या तोंडी परीक्षेचा समावेश असतो.

दूरस्थ अध्यापनाची पूर्वपरंपरा

शाळेबाहेरील माध्यमांतून शिकवण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात नवा नव्हता. आकाशवाणीवरून शालेय कार्यक्रम प्रसारित होत. पुण्यातील राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेची 'बालचित्रवाणी' १९८४ मध्ये सुरू झाली आणि तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून अनेक वर्षे दाखवले गेले. ही संस्था २०१७ मध्ये बंद करण्यात आली. त्याच वर्षी, ५ सप्टेंबर २०१७ रोजी, केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापून ते दीक्षावरील साहित्याशी जोडण्याचे काम महाराष्ट्रात महासाथीपूर्वीच सुरू झाले होते.

माध्यमिक शाळांतील इंग्रजी शिक्षकांसाठी ब्रिटिश कौन्सिलच्या सहकार्याने २०१० च्या दशकात 'एलिस' आणि त्यानंतर 'चेस' हे प्रशिक्षण कार्यक्रम राबवण्यात आले. औरंगाबाद येथील राज्य आंग्लभाषा शिक्षण संस्थेचा त्यांत सहभाग होता. 'चेस'मध्ये शिक्षकांचे समाजमाध्यमांवरील गट करून अनुभवांची देवाणघेवाण करण्यावर भर होता. त्यामुळे टाळेबंदी सुरू झाली तेव्हा व्हॉट्सॲप व टेलिग्राम गटांची सवय असलेला इंग्रजी शिक्षकांचा एक वर्ग राज्यात आधीपासूनच होता.

प्रारंभ

मार्च २०२० च्या मध्यास राज्यातील शाळा बंद करण्यात आल्या आणि २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. पहिली ते आठवीच्या वार्षिक परीक्षा रद्द झाल्या. १२ एप्रिल २०२० रोजी तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी नववी व अकरावीच्या द्वितीय सत्राच्या परीक्षाही रद्द केल्याचे जाहीर केले. या विद्यार्थ्यांचा निकाल प्रथम सत्राच्या आधारे लावण्यात आला.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने टाळेबंदीच्या काळात 'शाळा बंद... पण शिक्षण आहे...' ही अभ्यासमाला सुरू केली. तिचा दररोजचा भाग व्हॉट्सॲपवरून शिक्षकांमार्फत पालकांपर्यंत पोहोचवला जाई आणि त्यातील दुवे दीक्षावरील साहित्याकडे नेत.

जून २०२० मध्ये प्रत्यक्ष शाळा न उघडता नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले. विदर्भात उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे शाळा राज्याच्या अन्य भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. त्या वर्षीही ही प्रथा पाळली गेली. जुलै २०२० मध्ये केंद्र शासनाने 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने नववी ते बारावीसाठी दररोज प्रत्येकी ४५ मिनिटांची चार सत्रे, म्हणजे कमाल तीन तास, अशी मर्यादा घातली. त्याच महिन्यात सर्व इयत्तांचा अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी करण्यात आला. ही कपात पुढे २०२१-२२ मध्येही कायम ठेवण्यात आली.

चार सत्रांची मर्यादा आणि नववीचे विषय यांचा मेळ घातला असता इंग्रजीची तासिका रोज घेणे शक्य नव्हते. प्रत्यक्ष शाळेत जवळजवळ रोज होणारी तासिका ऑनलाइन वेळापत्रकात आठवड्यातून काही दिवसांवर आली. उर्वरित दिवशी स्वाध्याय पाठवण्याची पद्धत रूढ झाली.

साधने

व्हॉट्सॲप हे ग्रामीण माध्यमिक शाळांत सर्वाधिक वापरले गेलेले साधन होते. इयत्तेचा किंवा तुकडीचा गट करून त्यात पाठाची पीडीएफ, फळ्यावरील लेखनाची छायाचित्रे, ध्वनिमुद्रित संदेश व चित्रफिती पाठवल्या जात. विद्यार्थी वहीतील स्वाध्यायाचे छायाचित्र शिक्षकास पाठवत. त्या काळात एका गटात कमाल २५६ सदस्य असू शकत. एका तुकडीला ही संख्या पुरेशी होती.

थेट वर्गासाठी झूम व गूगल मीट यांचा वापर झाला. झूमच्या विनामूल्य आवृत्तीत सामूहिक बैठकीस ४० मिनिटांची मर्यादा होती. शासनाने ठरवलेले सत्र मात्र ४५ मिनिटांचे होते. ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने गूगलशी सहकार्य करून शिक्षक व विद्यार्थ्यांसाठी गूगल क्लासरूम व संलग्न सेवा उपलब्ध करून दिल्या. गूगल फॉर्मवर घेतलेल्या बहुपर्यायी चाचण्या हा या साधनांचा सर्वाधिक रुळलेला उपयोग ठरला.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत नववीचा वर्ग काहीसा मधल्या स्थितीत राहिला. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून प्रसारित झालेली 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीसाठी होती. मंडळ परीक्षेमुळे दहावी व बारावीच्या साहित्याला प्राधान्य मिळाले. नववीसाठी जिओ टीव्हीवरील 'ज्ञानगंगा' वाहिन्या, दीक्षावरील चित्रफिती व शिक्षकांनी स्वतः तयार केलेले यूट्यूबवरील पाठ हे प्रमुख पर्याय होते. यांतील प्रत्येक पर्यायासाठी स्मार्टफोन व आंतरजाल आवश्यक होते.

नोव्हेंबर २०२० मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'स्वाध्याय' हा व्हॉट्सॲपवरील साप्ताहिक सराव उपक्रम सुरू केला. त्यात पहिली ते दहावीच्या विद्यार्थ्यांना दर आठवड्यास प्रश्न पाठवून तत्काळ उत्तर तपासून मिळत असे.

अध्यापनपद्धती

श्रवण व उच्चार

भाषाशिक्षणात श्रवण हा पहिला टप्पा मानला जातो. ऑनलाइन वर्गात त्याचीच गुणवत्ता सर्वाधिक अनिश्चित होती. साध्या फोन कॉलमधून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ या मर्यादेतील ध्वनी वाहून नेले जातात. इंग्रजीतील 'एस', 'एफ' व 'टीएच' या अक्षरांनी दर्शवले जाणारे घर्षक ध्वनी मुख्यतः त्याहून उच्च कंप्रतेचे असल्याने ते एकमेकांपासून वेगळे ओळखणे कठीण जाते. शब्दाच्या शेवटी येणारा 'एस' हा इंग्रजीत अनेकवचन तसेच क्रियापदाचे तृतीयपुरुषी एकवचनी रूप दाखवतो. तो ऐकू न आल्यास व्याकरणाचा नियमच कानावाटे पोहोचत नाही. या दृष्टीने ध्वनिमुद्रित संदेश अधिक उपयुक्त ठरले, कारण त्यांत आवाज तुलनेने स्पष्ट राहतो आणि विद्यार्थी तो हवा तितक्या वेळा ऐकू शकतो.

भाषण

चाळीस-पन्नास विद्यार्थ्यांच्या थेट वर्गात एका वेळी एकच ध्वनिग्राहक चालू ठेवावा लागे. प्रत्यक्ष वर्गातील सामूहिक अनुवाचन किंवा जोडीने संवाद म्हणणे या पद्धती तेथे चालत नसत, कारण आवाज विलंबाने पोहोचून एकमेकांवर आदळत. पर्याय म्हणून विद्यार्थ्याने परिच्छेद वाचून किंवा स्वपरिचय देऊन त्याचे ध्वनिमुद्रण शिक्षकाला खासगी संदेशाने पाठवावे, ही पद्धत वापरात आली. वर्गासमोर इंग्रजी बोलण्यास संकोच करणाऱ्या विद्यार्थ्याला यात पुन:पुन्हा प्रयत्न करण्याची मोकळीक मिळे. मात्र प्रत्येक ध्वनिमुद्रण ऐकून अभिप्राय देण्यास शिक्षकाला तासिकेपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागे.

वाचन व लेखन

पाठ्यपुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध होती. तथापि लहान पडद्यावर पूर्ण पान एकाच वेळी वाचता येत नाही. मोठा करून वाचताना ओळीचा शेवट दिसेनासा होतो. कृतिपत्रिकेतील उताऱ्यावर आधारित कृतींसाठी उतारा व प्रश्न यांच्यात वारंवार ये-जा करावी लागते. त्यामुळे छापील पुस्तक ज्यांच्या हाती होते त्यांना ऑनलाइन वर्गाचा लाभ अधिक झाला.

लेखनाच्या तपासणीत शिक्षकांनी मोबाइलवरील छायाचित्रावर लाल रेघ ओढून चुका दाखवण्याची पद्धत अवलंबली. पत्रलेखन, संवादलेखन यांसारख्या ठरावीक आराखड्याच्या लेखनप्रकारांत ती बऱ्यापैकी यशस्वी झाली. मुक्त लेखनात मात्र मार्गदर्शक पुस्तिकांतून उतरवलेल्या उत्तरांचे प्रमाण ओळखणे कठीण झाले.

व्याकरण

मराठी व इंग्रजी यांच्या रचनेतील भेद हा नववीच्या व्याकरण अध्यापनाचा मुख्य विषय असतो. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते, तर इंग्रजीत ते कर्त्यानंतर येते. मराठीत शब्दयोगी अव्यये व विभक्तिप्रत्यय नामानंतर लागतात, इंग्रजीत त्यांचे काम करणारे शब्द नामाआधी येतात. इंग्रजीतील 'ए', 'ॲन' व 'द' या उपपदांना मराठीत थेट प्रतिशब्द नाही. हे भेद फळ्यावर दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून, बाणांनी जोडून दाखवले जातात. ऑनलाइन माध्यमात ही मांडणी स्थिर चित्राच्या स्वरूपात चांगली पोहोचत असल्याने उच्चार व संभाषणाच्या तुलनेत व्याकरणाचे अध्यापन कमी बाधित झाले. परिणामी अनेक ठिकाणी ऑनलाइन इंग्रजी म्हणजे मुख्यत्वे व्याकरण व प्रश्नोत्तरे असे स्वरूप आले.

हिवरखेड व वऱ्हाडातील परिस्थिती

भौगोलिक व आर्थिक संदर्भ

वऱ्हाडात हिवरखेड या नावाची एकाहून अधिक गावे आहेत. त्यांपैकी अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड हे अकोट-तेल्हारा परिसरातील बाजारपेठेचे मोठे गाव असून ते सातपुड्याच्या पायथ्यापासून जवळ आहे. अकोला-खंडवा मीटरगेज लोहमार्गावर त्याचे स्थानक होते. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील हिवरखेड संत्र्याच्या पट्ट्यात येते. दोन्ही गावे माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अमरावती विभागात मोडतात. या विभागात अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम व यवतमाळ हे जिल्हे आहेत.

या परिसराचे अर्थकारण कापूस, सोयाबीन, तूर व संत्री यांवर अवलंबून आहे. शाळेचे पहिले सत्र पेरणी, डवरणी व निंदणाच्या हंगामात येते. सोयाबीनची सोंगणी व कापसाची वेचणी ऑक्टोबरपासून सुरू होते. ऑनलाइन वर्ग सकाळी किंवा दुपारी ठेवल्यास घरातील एकमेव स्मार्टफोन पालकांसोबत शेतात गेलेला असे. त्यामुळे ग्रामीण शाळांतून थेट वर्गापेक्षा संध्याकाळी पाहता येईल असे साहित्य पाठवण्याकडे कल झाला. शाळा बंद असल्याने नववीच्या वयाची मुले-मुली शेतीकामाच्या मजुरीसाठी उपलब्ध झाली, ही बाबही अभ्यासावर परिणाम करणारी होती.

भाषिक संदर्भ

या भागातील बहुसंख्य विद्यार्थ्यांची घरची बोली वऱ्हाडी आहे. वऱ्हाडीत प्रमाण मराठीतील 'ळ'च्या जागी बहुधा 'य' येतो ('डोळा' - 'डोया'), 'ण'च्या जागी 'न' येतो ('पाणी' - 'पानी') आणि 'मला', 'तुला' यांऐवजी 'मले', 'तुले' अशी रूपे वापरली जातात. मेळघाटात व त्याच्या पायथ्याशी कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील भाषा बोलली जाते. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून पुनर्वसित झालेली काही गावे अकोट व तेल्हारा तालुक्यांत वसली आहेत. कोरकूभाषक विद्यार्थ्याच्या दृष्टीने प्रमाण मराठी हीच शाळेत शिकलेली भाषा असते. मराठीतून समजावलेले इंग्रजी त्याला एका शिकलेल्या भाषेतून दुसरी शिकावी तसे पोहोचते. दोन्ही जिल्ह्यांत उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत.

प्रत्यक्ष वर्गात शिक्षक विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरून त्याला समजले की नाही हे ओळखतो आणि गरज पडल्यास वऱ्हाडीत उतरून अर्थ सांगतो. राज्यभरासाठी तयार केलेल्या चित्रफिती प्रमाण मराठीत किंवा पूर्णतः इंग्रजीत असल्याने त्यांत ही सोय नव्हती. स्थानिक शिक्षकाने स्वतःच्या आवाजात, परिसरातील उदाहरणे घेऊन मुद्रित केलेल्या साध्या ध्वनिसंदेशाचे मोल त्यामुळे अधिक होते.

फेब्रुवारी २०२१ मधील स्थिती

अमरावती व अकोला हे जिल्हे दुसऱ्या लाटेच्या प्रारंभी राज्यात सर्वांत आधी बाधित झालेल्या जिल्ह्यांपैकी होते. नोव्हेंबर २०२० मध्ये उघडलेल्या शाळा फेब्रुवारी २०२१ मध्ये या विभागात पुन्हा बंद झाल्या. अमरावती शहर व अचलपूर येथे २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी लागू करण्यात आली. राज्याच्या अन्य भागांत शाळा चालू असताना वऱ्हाडातील नववीचे विद्यार्थी पुन्हा ऑनलाइन अध्यापनावर अवलंबून राहिले. त्यामुळे त्या वर्षात त्यांना मिळालेला प्रत्यक्ष वर्गाचा काळ आणखी कमी झाला.

अडचणी

उपकरणे व जोडणी

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) भारतातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आणि १४.९ टक्के कुटुंबांकडे आंतरजालाची सोय होती. शहरी भागात हे प्रमाण अनुक्रमे २३.४ व ४२ टक्के होते. 'असर' या वार्षिक सर्वेक्षणानुसार शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेल्यांचे देशपातळीवरील प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. ते २०२० मध्ये ६१.८ टक्के आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. मात्र २०२१ च्या पाहणीत, घरी स्मार्टफोन असूनही २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मिळत नसल्याचे आढळले. घरात फोन असणे आणि तो विद्यार्थ्याच्या हाती असणे या दोन वेगळ्या बाबी असल्याचे यातून स्पष्ट होते.

एकाच घरात दोन-तीन शिकणारी भावंडे असल्यास फोनची विभागणी करावी लागे. अशा वेळी दहावी-बारावीच्या भावंडाला प्राधान्य मिळणे स्वाभाविक होते. नववीचे वर्ष 'मधले' मानले गेल्याने त्यातील विद्यार्थी मागे पडत. मुलींच्या हाती फोन देण्याबाबतचा कौटुंबिक संकोच ही आणखी एक मर्यादा होती.

शिक्षकांवरील भार

शिक्षकांना अध्यापनासोबत सर्वेक्षण, तपासणी नाके व लसीकरण यांसारखी महासाथीशी निगडित कामे देण्यात आली होती. चित्रफीत तयार करणे, ती संकलित करणे, दुवे पाठवणे आणि रात्री उशिरापर्यंत येणारे स्वाध्याय तपासणे ही कामे पूर्वीच्या वेळापत्रकात नव्हती. आंतरजालाचा खर्चही बहुधा शिक्षकांनी स्वतः केला.

पर्यायी उपक्रम

स्मार्टफोन नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी राज्यात विविध उपक्रम राबवले गेले. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवणारी 'बोलकी शाळा' चालवण्यात आली. सोलापूरच्या नीलमनगर भागात घरांच्या बाहेरील भिंतींवर पाठ्यपुस्तकांतील आशय रंगवण्यात आला. अनेक गावांत शिक्षकांनी ओट्यावर, मंदिराच्या सभामंडपात किंवा झाडाखाली मोजक्या विद्यार्थ्यांना अंतर राखून शिकवले. माध्यमिक स्तरावर, फोन असलेल्या विद्यार्थ्याला शेजारच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी जोडून देण्याची पद्धतही वापरली गेली. इंग्रजीच्या दृष्टीने तिचा विशेष लाभ असा की विद्यार्थ्यांना संवाद म्हणण्यासाठी समोर कोणीतरी प्रत्यक्ष मिळत असे.

प्रत्यक्ष शाळांची पुनर्सुरुवात

नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून स्थानिक प्रशासनाच्या निर्णयानुसार सुरू झाले. पालकांची लेखी संमती, शिक्षकांची तपासणी, एका बाकावर एक विद्यार्थी आणि निम्म्या विद्यार्थ्यांची आळीपाळीने उपस्थिती असे नियम होते. गणित, विज्ञान व इंग्रजी यांसारखे गाभा विषय शाळेत आणि उर्वरित विषय ऑनलाइन शिकवावेत, अशी सूचना देण्यात आली. गाभा विषयांच्या या यादीत भाषांपैकी इंग्रजीचा उल्लेख असणे ही तिच्या ऑनलाइन अध्यापनातील त्रुटींची अप्रत्यक्ष दखल मानता येते.

दुसऱ्या लाटेनंतर १५ जुलै २०२१ पासून कोविडमुक्त ग्रामीण भागांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी मिळाली. त्यासाठी गावात आधीचा एक महिना रुग्ण आढळलेला नसणे आवश्यक होते. ४ ऑक्टोबर २०२१ पासून शाळा व्यापक प्रमाणावर उघडल्या. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेमुळे त्या काही दिवस पुन्हा बंद ठेवून २४ जानेवारीपासून सुरू करण्यात आल्या.

मूल्यमापन

७ एप्रिल २०२१ रोजी नववी व अकरावीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना पुढील वर्गात प्रवेश देण्याचा निर्णय जाहीर झाला. ऑनलाइन वर्गात उपस्थित राहू न शकलेल्या विद्यार्थ्यांचे वर्ष यामुळे वाया गेले नाही. त्याच वेळी नववीच्या इंग्रजीत कोणी काय शिकले याची कोणतीही एकसमान नोंद मागे राहिली नाही.

नववीच्या गुणांना किती अनपेक्षित महत्त्व येऊ शकते हे त्याच वर्षी दहावीत असलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत दिसून आले. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाल्यावर प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० गुण दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनावरून आणि २० गुण गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षेवरून देण्यात आले. १६ जुलै २०२१ रोजी लागलेला हा निकाल ९९.९५ टक्के होता. त्या विद्यार्थ्यांची नववीची द्वितीय सत्र परीक्षा आधीच रद्द झालेली असल्याने, निम्मे गुण प्रत्यक्षात २०१९ च्या प्रथम सत्रातील कामगिरीवर आधारलेले होते.

सेतू अभ्यासक्रम व परिणाम

मागील वर्षाची उणीव भरून काढण्यासाठी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १ जुलै २०२१ पासून दुसरी ते दहावीसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला. दहावीत गेलेल्या विद्यार्थ्यांना त्यात नववीतील महत्त्वाच्या घटकांची उजळणी कृतिपत्रिकांच्या साहाय्याने करायची होती. दर पंधरा दिवसांनी एक याप्रमाणे तीन चाचण्या घेण्यात आल्या. अनेक ठिकाणी शाळा तेव्हाही बंद असल्याने हा अभ्यासक्रमसुद्धा मुख्यतः ऑनलाइनच पोहोचला.

१२ नोव्हेंबर २०२१ रोजी देशभर झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात दहावीच्या विद्यार्थ्यांची इंग्रजीतही चाचणी घेण्यात आली. २०२०-२१ मध्ये नववीत असलेल्या पिढीची ही पहिली मोठी बाह्य चाचणी होती. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये दहावीची मंडळ परीक्षा प्रत्यक्ष घेण्यात आली. तीत कमी केलेला अभ्यासक्रम, शक्य तेथे स्वतःच्याच शाळेत परीक्षा केंद्र आणि लेखनाचा सराव सुटल्याचे लक्षात घेऊन ८० गुणांच्या पेपरसाठी अर्धा तास जादा वेळ अशा सवलती होत्या. राज्याचा निकाल ९६.९४ टक्के लागला.

एवढ्या निकालावरून ऑनलाइन अध्यापन यशस्वी झाले असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण सवलतींमुळे ही परीक्षा आधीच्या वर्षांशी थेट तुलना करण्याजोगी नव्हती. शिवाय मंडळाच्या लेखी परीक्षेत श्रवण व भाषण यांची कसोटी लागत नाही. ऑनलाइन काळात सर्वाधिक बाधित झालेली कौशल्ये हीच होती. ती उणीव अकरावीपासून इंग्रजी माध्यमात होणाऱ्या विज्ञान शाखेच्या तासिकांमध्ये आणि तंत्रशिक्षणात प्रत्ययास येते.

महासाथीनंतर शाळा पूर्ववत झाल्या तरी काही सवयी टिकून राहिल्या. वर्गाचा व्हॉट्सॲप गट, सुट्टीतील स्वाध्याय, ध्वनिमुद्रित वाचन आणि गूगल फॉर्मवरील घटक चाचणी यांचा वापर ग्रामीण माध्यमिक शाळांतही चालू आहे. आता ही साधने वर्गाला पूरक म्हणून वापरली जातात. फोन नसलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी वर्गात तोच भाग शिक्षकाकडून पुन्हा समजून घेता येतो.

कालपट

* मार्च २०२० : राज्यातील शाळा बंद.
* १२ एप्रिल २०२० : नववी व अकरावीच्या द्वितीय सत्र परीक्षा रद्द.
* जून २०२० : ऑनलाइन पद्धतीने नवे शैक्षणिक वर्ष सुरू.
* जुलै २०२० : ऑनलाइन सत्रांची कालमर्यादा निश्चित, अभ्यासक्रमात २५ टक्के कपात.
* ऑगस्ट २०२० : गूगल क्लासरूमसाठी राज्य शासनाचे सहकार्य.
* २३ नोव्हेंबर २०२० : नववी ते बारावीचे प्रत्यक्ष वर्ग सुरू.
* फेब्रुवारी २०२१ : अमरावती विभागातील शाळा पुन्हा बंद.
* ७ एप्रिल २०२१ : नववीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना दहावीत प्रवेश.
* १ जुलै २०२१ : सेतू अभ्यासक्रमास प्रारंभ.
* ४ ऑक्टोबर २०२१ : शाळा व्यापक प्रमाणावर सुरू.
* मार्च-एप्रिल २०२२ : दहावीची प्रत्यक्ष मंडळ परीक्षा.